‘मी मुद्दाम नाही केलं’

(स्नेहमेळाव्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळच्या सत्रात केलेलं भाषण)



संयोजकांचा फोन आला, तेव्हा ते म्हणाले, ‘तू काँप्युटरवाली, तर ए.आय.वर वीस मिनिटं बोल.’ मी म्हटलं, बाबा रे, आठवड्याचे पाच दिवस मी तेच ऐकते आणि तेच बोलते, शाळेत तरी मला सोड. मग विषय काय, असं विचारल्यावर मी सांगितलं, ‘रग्बीतलं लाल कार्ड.’ पलीकडे बराच वेळ शांतता. शेवटी बिचारा म्हणाला, ‘बरं, पण जेवणाच्या आधी संपव.’ तेव्हा जेवणाच्या आधी संपवते. आणि रग्बीतून निघून शेवटी आपल्याच मैदानावर येते, असा शब्द देते.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी दोन मिनिटं. प्रत्येक संघात पंधरा खेळाडू, ऐंशी मिनिटांचा सामना, अंड्याच्या आकाराचा चेंडू. चेंडू हातात घेऊन पळायचं, पण हाताने पास द्यायचा तो फक्त मागे. ज्याच्या हातात चेंडू आहे त्याला धरून खाली पाडायचं. म्हणजे आपल्या कबड्डीतली पकडच, फक्त समोरचा शंभर किलोचा आणि पूर्ण वेगात पळत येणारा. नियम मोडला की पिवळं कार्ड, दहा मिनिटं बाहेर. गंभीर असेल तर लाल कार्ड, आणि मग तो खेळाडू गेला तो गेला. त्याच्या जागी दुसरा येत नाही. उरलेला सामना चौदा जणांनी खेळायचा.

आणि हा खेळ आपल्याला अगदीच परका नाही. मुंबईत आझाद मैदानाला लागून असलेल्या बॉम्बे जिमखान्यावर पावसाळ्यात चिखलात रग्बी चालतो. इंग्लंड आणि स्कॉटलंड ज्या चषकासाठी दरवर्षी खेळतात त्याचं नाव ‘कलकत्ता कप’. कलकत्त्याचा एक क्लब बंद पडला, तेव्हा त्यांनी बँकेतले शिल्लक चांदीचे रुपये काढून वितळवले, त्यांचा चषक घडवला आणि १८७८ साली इंग्लंडला देऊन टाकला. झाकणावर हत्ती आहे आणि कानांच्या जागी नाग आहेत. आपल्या रुपयांवर ते अजून भांडताहेत.

तर २०११ साली मी कंपनीच्या कामासाठी वेल्समधल्या कार्डिफ शहरात होते. त्या वर्षी रग्बीचा विश्वचषक न्यूझीलंडमध्ये होता आणि छोटासा वेल्स उपांत्य फेरीत पोचला होता. सामना ऑकलंडला रात्री, म्हणजे कार्डिफला शनिवारी सकाळी नऊ वाजता. तारीख १५ ऑक्टोबर. शहरातलं मोठं स्टेडियम लोकांसाठी उघडलं होतं. मैदान रिकामं, पडद्यावर सामना, आणि तो बघायला साठ हजारांच्या आसपास माणसं! ऑफिसातल्या सहकारी मला ओढून घेऊन गेल्या. गळ्यात लाल मफलर, हातात चहाचा कागदी कप, आणि नियम मला निम्मेच कळत होते.

सामना सुरू होऊन वीस मिनिटंही झाली नव्हती. वेल्सचा कर्णधार सॅम वॉरबर्टन, वय वर्षं तेवीस. फ्रान्सच्या व्हिन्सेंट क्लेर्कच्या हातात चेंडू आला आणि त्याच क्षणी वॉरबर्टनने त्याला धरलं. क्लेर्क अंगाने हलका. तो उचलला गेला, हवेत आडवा झाला, पाय डोक्याच्या वर गेले, आणि तिथून वॉरबर्टनने त्याला सोडून दिलं. तो मान आणि खांद्यावर आपटला. रेफरी होते आयर्लंडचे अलँ रोलाँ. त्यांनी खिशात हात घातला. आम्हाला वाटलं, पिवळं. निघालं लाल.

साठ हजार माणसं एकदम गप्प झालेली मी त्याआधी कधी ऐकली नव्हती. मग आरडाओरडा सुरू झाला. ‘त्याने मुद्दाम केलं नाही!’ ‘इतका सज्जन मुलगा आहे!’ रेफरीचे वडील फ्रेंच आहेत, हीसुद्धा चर्चा झाली. वेल्स तासभर चौदा जणांनी खेळला. सामन्यातला एकमेव ट्राय त्यांनीच केला, आणि तरी ९-८ असा एका गुणाने हरला. शेवटच्या मिनिटांत लांबून मारलेली एक पेनल्टी आडव्या दांड्याच्या जरा खाली पडली. माझ्या शेजारची पन्नाशीची बाई रडत होती. मीही तिच्याबरोबर म्हणाले, ‘हा अन्याय आहे. त्याने मुद्दाम केलं नव्हतं.’

हे वाक्य मी का इतक्या जोरात म्हणाले, ते मला तेव्हा कळलं नाही. त्याकडे नंतर येते.

घरी जाऊन मी इंजिनिअरच्या सवयीने नियम शोधून वाचले. तर कळलं, की खेळाच्या आंतरराष्ट्रीय मंडळाने दोन वर्षं आधीच, २००९ साली, रेफरींना लेखी सांगून ठेवलं होतं. खेळाडूला उचललं आणि हवेतून सोडलं, तर विचार लाल कार्डापासून सुरू करा, आणि गरज वाटली तर खाली या. आणि खेळाडूचा हेतू काय असेल यावरून निर्णय करू नका, काय घडलं ते बघा. म्हणजे रोलाँ यांनी स्वतःच्या मनाने काही केलं नव्हतं. पुढे खुद्द वॉरबर्टननेही सांगितलं, की निर्णय बरोबर होता.

पण म्हणून प्रश्न संपला का? नाही. या प्रश्नाच्या दोन्ही बाजूंना दम आहे.

पहिली बाजू अशी. शिक्षा ही दोषाला असते, आणि दोष मनात असतो. जो माणूस चिडून ठोसा मारतो आणि ज्याचा अंदाज अर्ध्या सेकंदाने चुकतो, त्या दोघांना एकच रंग दाखवायचा? २०१४ साली बेलफास्टला एक सामना झाला. अल्स्टरचा जॅरेड पेन उंच उडालेल्या चेंडूकडे बघत धावत होता. त्याची नजर पूर्ण वेळ चेंडूवर होती. समोरचा ॲलेक्स गुड आधीच हवेत उडाला होता. टक्कर झाली, गुड वाईट पडला, त्याला स्ट्रेचरवरून न्यावं लागलं. चौथ्या मिनिटाला पेनला लाल कार्ड. अल्स्टर उरलेला सगळा सामना चौदा जणांनी खेळून १७-१५ असा हरला. आणि शिक्षा एकट्या पेनला झाली का? चौदा निरपराध माणसांना झाली, आणि तिकीट काढून आलेल्या हजारो लोकांना झाली.

याहून पुढचं उदाहरण २०१८चं, वेलिंग्टनचं. फ्रान्सचा बेंजामिन फॉल असाच उंच चेंडूखाली धावत आला, न्यूझीलंडचा बोडन बॅरेट हवेत होता, टक्कर झाली, बॅरेट डोक्यावर पडला. लाल कार्ड. नंतर समितीने चित्रफीत सावकाश बघितली, तर दिसलं की फॉलला वाटेत न्यूझीलंडच्याच दुसऱ्या खेळाडूचा धक्का लागला होता आणि त्याचा तोल गेला होता. समितीने कार्ड रद्द केलं. पण सामना कधीच संपला होता.

आता दुसरी बाजू. २००३ साली इंग्लंडने विश्वचषक जिंकला. त्या संघात स्टीव्ह थॉम्पसन नावाचा खेळाडू होता. २०२० साली त्याने जगाला सांगितलं, की त्याला कमी वयातला स्मृतिभ्रंश झाला आहे आणि तो अंतिम सामना खेळल्याचं त्याला आठवत नाही. तेव्हा तो बेचाळीस वर्षांचा होता. मित्रांनो, आपल्यापेक्षा लहान. आपण काल रात्री दोन वाजेपर्यंत आठवी ‘ब’च्या गोष्टी आठवत बसलो होतो. त्याला स्वतःच्या आयुष्यातला सगळ्यात मोठा दिवस आठवत नाही. डोक्याला बसलेले जे शेकडो धक्के मेंदूत साठत गेले, त्यांतले किती मुद्दाम मारलेले असतील? फारच थोडे. मेंदू धक्का मोजतो. मारणाऱ्याचा हेतू त्याला कळत नाही.

म्हणून रेफरींना आता डोक्याच्या धडकेसाठी पायऱ्या ठरवून दिल्या आहेत. डोक्याला लागलं का? खेळ चुकीचा होता का? धोका किती होता? आणि शिक्षा हलकी करावी असं काही कारण आहे का, म्हणजे समोरचा अचानक खाली वाकला, असं काही? हे वाचताना मला फार बरं वाटलं, कारण हा सरळ सरळ फ्लोचार्ट आहे. आणि या फ्लोचार्टमध्ये ‘मुद्दाम केलं का’ हा प्रश्न कार्डाचा रंग ठरवताना जवळजवळ येतच नाही. मुद्दाम केलं असेल तर एवढंच होतं, की सूट मिळत नाही. किती आठवड्यांची बंदी, ते नंतर समिती ठरवते, तिथे हेतू, पूर्वीची वागणूक, पश्चात्ताप, सगळं मोजलं जातं. वॉरबर्टनला तीन आठवडे मिळाले.

माझं मत इथे ठरत गेलं. आपण ‘मुद्दाम’ आणि ‘चुकून’ असे दोनच डबे करतो. खरे डबे तीन आहेत. मुद्दाम, बेफिकिरीने, आणि निव्वळ अपघाताने. बेफिकिरी म्हणजे काय? इजा करायची इच्छा नव्हती, पण इजा होऊ शकते हे माहीत होतं, थांबायला क्षणभर वाव होता, आणि तरी केलं. आपला कायदाही हे तीन डबे वेगळे ठेवतो. भरधाव गाडी चालवून कोणाचा जीव घेणाऱ्याला खुनी म्हणत नाहीत, पण ‘मुद्दाम नाही केलं’ म्हणून सोडूनही देत नाहीत.

वॉरबर्टन बेफिकिरीच्या डब्यात बसतो. उचलणं ओघात झालं असेल, पण उचललेल्या माणसाला सुखरूप खाली आणणं ही उचलणाऱ्याची जबाबदारी, आणि त्याने हात सोडले. त्याला लाल कार्ड योग्यच. फॉल अपघाताच्या डब्यात बसतो, त्याला काहीच नको होतं. आणि पेन? पेनवर मी दहा वर्षं स्वतःशी भांडते आहे. नजर चेंडूवर होती हे खरं. पण गर्दीत धावताना नजर फक्त चेंडूवर ठेवणं, आणि तिथे दुसरं कोणी उडालं असेल याचा विचारच न करणं, हीच तर बेफिकिरी. रस्त्यावर मोबाइलकडे बघत गाडी चालवणारासुद्धा म्हणतो, ‘मला दिसलाच नाही.’ मी आज पेनलाही लाल कार्ड देईन, पण हात थोडा थरथरेल.

राहिला चौदा निरपराधांचा मुद्दा. त्यावर आता एक मधला मार्ग निघाला आहे, वीस मिनिटांचं लाल कार्ड. खेळाडू कायमचा बाहेर, पण वीस मिनिटांनी त्याच्या जागी दुसरा येऊ शकतो. दक्षिण गोलार्धात हे आधी सुरू झालं, २०२५च्या सिक्स नेशन्स स्पर्धेतही वापरलं गेलं. मुद्दाम केलेल्या हिंसेला मात्र जुनं, पूर्ण लाल कार्ड कायम आहे. फ्रान्स आणि आयर्लंडच्या संघटनांनी आधी याला विरोध केला होता. त्यांचं म्हणणं, शिक्षा सौम्य केली की खेळाडू पकड खाली घ्यायला शिकणार नाहीत. भीतीच कमी झाली तर सवय कशी बदलेल? दुसरीकडे २०२३च्या अंतिम सामन्यात न्यूझीलंडचा कर्णधार सॅम केन पहिल्या अर्ध्या तासातच उंच पकडीसाठी बाहेर गेला आणि त्याचा संघ ११-१२ असा हरला, तेव्हा लोकांना विश्वचषक एका पकडीत गेला असं वाटलं. दोन्ही म्हणण्यांत तथ्य आहे. मला स्वतःला वीस मिनिटांचा मार्ग पटतो. करणाऱ्याला पूर्ण शिक्षा, संघाला झळ बसेल इतकी, पण संघ मोडणार नाही.

गेल्या वर्षी ऑफिसात असाच प्रसंग आला. माझ्या टीममधल्या एका मुलाने रात्री अकरा वाजता चालू सिस्टीमवर एक कमांड दिली आणि ग्राहकांचा डेटा उडवला. दुसऱ्या कोणाकडून तपासून घ्यायचं असतं, ते त्याला माहीत होतं. घाईत घेतलं नाही. बॅकअपवरून डेटा परत आणायला आम्हाला पहाट झाली. तो रडवेला होऊन म्हणाला, ‘मॅडम, मी मुद्दाम नाही केलं हो.’ आमच्या धंद्यात शिकवतात, माणसाला दोष देऊ नका, पद्धत सुधारा. पद्धत आम्ही सुधारलीच, आता एकट्याला ती कमांड देताच येत नाही. पण महिनाभर मी त्याचा चालू सिस्टीमचा ॲक्सेसही काढून घेतला. टीममध्ये काहींना ते कठोर वाटलं. मी का काढला, ते मी त्यांना सांगितलं नाही. तुम्हाला सांगते.

कारण तो ‘मॅडम, मुद्दाम नाही केलं’ म्हणाला, तेव्हा मला आपलं मैदान दिसलं. नववीचा ऑगस्ट. पाऊस नुकताच थांबलेला, लाल माती ओली. तालुक्याच्या स्पर्धेसाठी मुलींच्या कबड्डी संघाची निवड. सरांनी आमचेच दोन भाग करून सामना लावला होता. ती समोरच्या बाजूला. नाव घेत नाही, ती इथेच बसली आहे, आणि तुम्हा सगळ्यांना माहीत आहे. ती चढाईला आली, एकीला बाद केलं आणि मध्यरेषेकडे उडी घेतली. रेषा हातभर लांब. मी कोपऱ्यातून सूर मारला आणि ती हवेत असताना तिचे दोन्ही पाय कवेत घेऊन मागे ओढले. ती उजव्या खांद्यावर पडली. तो आवाज मी अजून विसरलेले नाही. हासळीचं हाड मोडलं होतं.

आदल्याच दिवशी सरांनी बजावलं होतं, ‘उडालेलीचे पाय ओढायचे नाहीत. ती जमिनीवर येऊ दे, मग धर.’ म्हणजे मला माहीत होतं.

सरांनी मला त्या वर्षीच्या संघातून काढलं. मी रडत म्हटलं, ‘सर, मी मुद्दाम नाही केलं.’ सर म्हणाले, ‘मुद्दाम केलं असतंस, तर पालकांना बोलावून शाळेतूनच काढायला सांगितलं असतं. मुद्दाम नाही केलंस, म्हणून फक्त संघातून काढतोय.’ माझ्या जागी राखीव मुलगी घेतली आणि संघ तालुक्याला गेला. दुसऱ्या फेरीत हरला. कितीतरी वर्षं माझ्या मनात सरांबद्दल राग होता. कार्डिफच्या त्या सकाळी मी वॉरबर्टनसाठी ओरडत नव्हते, चौदा वर्षांच्या माझ्यासाठी ओरडत होते.

सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत आहात. पंधरा खेळाडूंच्या खेळाचे जाडजूड नियम वाचून मी जिथे पोचले, तिथे तुम्ही शिट्टी गळ्यात अडकवून ओल्या मातीत उभ्याउभ्या पोचला होतात. तुमचा निर्णय बरोबर होता.

आणि आता तुझ्याशी बोलते. तुझा उजवा हात दीड महिना गळ्यात होता. सहामाहीचे पेपर तुला देता आले नाहीत. त्याहून मोठी गोष्ट, तू नंतर कबड्डी खेळलीच नाहीस. जिल्ह्याला जाणार हे नक्की असलेली आपल्या शाळेतली एकच मुलगी, तू. मी तुझ्या घरी दोनदा आले, काकूंच्या हातचे पोहे खाल्ले, आणि दोन्ही वेळा हेच म्हणाले, ‘अगं, मी मुद्दाम नाही केलं.’ तू दोन्ही वेळा म्हणालीस, ‘माहीत आहे गं.’ इतक्या वर्षांनी मला कळलं, की ते वाक्य माझ्याबद्दल होतं. मी वाईट मुलगी नाही, एवढंच मला तुझ्याकडून ऐकायचं होतं. तुझ्या खांद्याबद्दल मी काहीच बोलले नव्हते.

तर जे तेव्हा बोलायला हवं होतं ते आज सगळ्यांसमोर बोलते. मला माहीत होतं, थांबायला वाव होता, मी थांबले नाही. चूक माझी होती. मला माफ कर.

बस्स, एवढंच. संयोजक घड्याळाकडे बघताहेत आणि मसालेभाताचा वास इथपर्यंत आलाय. दुपारी मैदानावर कबड्डीचा सामना ठेवलाय असं पत्रिकेत लिहिलंय. गुडघ्यांची परिस्थिती लक्षात घेता सर पंच राहणार आहेत. मी खेळणार आहे. पकड खाली राहील, सर.